सासू, सून आणि हार्ली

बापूंच्या गॅरेजचं शटर साडेआठला खाली येतं आणि त्याच पायरीवर आमचा कट्टा भरतो. परवा प्रसाद आला तो बिनबाह्यांचं काळं चामडी जाकीट घालून. मे महिना. मानेवरून घामाचे ओघळ चाललेले, पण पठ्ठ्या काढायला तयार नाही.

"हे काय रे?" बापू.

"कट म्हणतात याला. 'सन्स ऑफ अनार्की'त क्लबच्या मेंबरांकडे असतो. पाठीवरचा पूर्ण पॅच, म्हणजे क्लबचं चिन्ह, मिळवायचा तर आधी प्रॉस्पेक्ट म्हणून राबावं लागतं. पडेल ते काम करायचं, मत द्यायचा हक्क नाही."

"म्हणजे उमेदवारी. तुझी किती वर्षं झाली?"

"ऑनलाइन मागवलं."

बापू हसून हसून खोकायला लागले.

प्रसाद ही मालिका तिसऱ्यांदा बघतोय. २००८ ते २०१४, सात सीझन, ९२ भाग. कॅलिफोर्नियातलं चार्मिंग नावाचं काल्पनिक गाव, तिथला मोटारसायकल क्लब, वरवर गॅरेज आणि आतून बंदुकांची तस्करी. नायक जॅक्स टेलर. बाप ट्रकच्या धडकेत गेलेला, आईनं बापाच्याच दोस्ताशी लग्न लावलेलं आणि तो सावत्र बाप क्लबचा अध्यक्ष. हॅम्लेटची गोष्ट हार्लीवर बसवली आहे, हे लपवायचा प्रयत्नही लेखक कर्ट सटर करत नाही. (शेवट ठाऊक करून घ्यायचा नसेल त्यांनी इथून उठून चहा घेऊन यावा.)

"मी तीन सीझन बघितले," बापू म्हणाले. "गॅरेज म्हणतात, पण एकाच्या नखात ग्रीस दिसलं नाही मला. तो गोरा हिरो पांढरेशुभ्र बूट घालून फिरतो. पांढरे! आमच्याकडं पोऱ्या पांढरी चप्पल घालून आला तर दुपारपर्यंत ओळखू येत नाही."

"पण आवाज, बापू?"

"आवाज झकास," बापूंनी लगेच मान्य केलं. "व्ही-ट्विन इंजिनाचा ठोका आहे तो. आठ-दहा गाड्या ओळीनं निघतात तेव्हा छातीत वाजतं. तेवढ्यासाठीच तीन सीझन काढले."

प्रसादचं म्हणणं, यातलं पुष्कळ खरं आहे. हॅपी नावाच्या मारेकऱ्याचं काम करणारा डेव्हिड लॅब्रावा स्वतः हेल्स एंजल्स या खऱ्याखुऱ्या मोटारसायकल क्लबमध्ये होता आणि मालिकेचा सल्लागारही. त्याच क्लबचा नामांकित म्होरक्या सनी बार्जर पडद्यावर येऊन गेला.

"म्हणून काय आरती ओवाळायची?" शर्वरी आतापर्यंत गप्प होती. वकिलीमुळे तिला समोरच्याचं पूर्ण ऐकून मग कापायची सवय आहे. "आपल्या गावात ड्रग्ज येऊ देणार नाही म्हणतात ना ते? आणि बंदुका कुठं जातात? ओकलंड शहरात. तिथल्या गल्लीत पोरं मेली तर ते चार्मिंगच्या हिशोबात धरायचं नाही. स्वतःचं अंगण झाडायचं आणि कचरा शेजारी ढकलायचा."

"ते मालिकाच दाखवते की."

"दाखवते. पण तू जाकीट मागवलंस."

यावर प्रसादकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी मध्ये पडलो. माझ्या मते बाइक, बंदुका हे सगळं वरचं. बघणाऱ्याला धरून ठेवतं ते टेबल. रेडवूडचं भलं मोठं लाकूड, मधोमध कोरलेला कोयतेवाला यमदूत. मोबाइल बाहेर ठेवायचे, दार लावायचं. त्या बैठकीला म्हणतात चर्च. प्रस्ताव येतो, मतदान होतं, अध्यक्ष हातोडी आपटतो. स्वतःच्याच माणसाला मारायचं असेल तर सगळ्यांची मतं हवीत, एकही विरोधात गेलं तर नाही. आमच्या सोसायटीच्या सभेला पाण्याच्या टाकीसाठीसुद्धा कोरम जमत नाही, आणि इथं खुनालाही रीतसर कार्यपद्धती! कायदा लाथाडणाऱ्यांनी आपल्यापुरता इतका कडक कायदा करावा, यात मजा आहे. आणि त्याच टेबलावर बसून प्रत्येक जण खोटं बोलतो, यात जास्त.

"टेबल दिखाऊ आहे," शर्वरी म्हणाली. "निर्णय होतात ते जेमाच्या स्वयंपाकघरात."

जेमा म्हणजे जॅक्सची आई. केटी सॅगलनं ती अशी केली आहे की ती पदार्थांनी टेबल भरून सगळ्यांना आग्रह करत असते तेव्हाच भीती वाटते.

"ही सासू-सुनेची मालिका आहे, प्रसाद. सून डॉक्टर, तिला नवऱ्याला आणि पोरांना घेऊन गाव सोडायचंय. सासूला ते नकोय. सहाव्या सीझनच्या शेवटी काय होतं? सुनेनं नवऱ्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं, असा गैरसमज करून घेऊन सासू तिला तिच्याच सिंकपाशी मारते. हत्यार काय, तर मांस कापताना धरायचा काटा! मग नाव टाकते दुसऱ्या टोळीवर आणि सातवा सीझनभर मुलगा त्या खोट्यापायी मुडदे पाडत सुटतो. आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला लागतं तेच. फक्त आपली सासू डोळे मोठे करून थांबते."

बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "हे आधी सांगितलं असतंस तर आमच्या मंडळींना घेऊन बसलो असतो."

"आणि ओपी?" प्रसाद एकदम चिडून म्हणाला. "त्यात कुठली सासू? तुरुंगात जॅक्सला सांगतात, तुझ्या माणसांपैकी एकाचा बळी निवड. जॅक्सच्या तोंडून शब्द फुटायच्या आत ओपी स्वतः पुढं होतो. लहानपणापासूनचा दोस्त. क्लबपायी बायको गेली, बाप गेला, तरी पुढं होतो. मी जाकीट त्याच्यासाठी घेतलं. पांढऱ्या बुटांसाठी नाही."

कुणीच काही बोललं नाही. शर्वरीनंही नाही. काचेपलीकडून जॅक्स दोस्ताला मरताना बघतो, तो प्रसंग मीही पुन्हा बघितलेला नाही.

तेवढ्यात प्रसादच्या त्या जाकिटातून फोन वाजला. खिसा आतल्या बाजूला, चेन अडकलेली. ती ओढेपर्यंत दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा लागला.

"हो आई. नाही, इथंच आहे. हो... दूध आणि कढीपत्ता. बरं. निघालो."

"पळ," बापू म्हणाले. "जेमानं बोलावलंय."

त्यानं ॲक्टिव्हाला किल्ली लावली.