कॉमेट अ‍ॅमेझॉनमुळे बुडाली? इतकं सोपं नाहीये ते

चार दिवसांत तीन ग्रुपवर आलाय हा मेसेज. "कॉमेट, इंग्लंडमधली टीव्ही-फ्रिजच्या दुकानांची मोठी चेन, काळाप्रमाणे बदलली नाही, अ‍ॅमेझॉनने खाल्ली, शेवटी २ पौंडांना विकली गेली. स्टाफला भरपाई मिळाली, मालकाने धडा घेतला." मी २०१२ मध्ये तिकडे ऑनसाइट होतो, घरचं वॉशिंग मशीन कॉमेटमधूनच घेतलेलं, म्हणून गप्प बसवेना.

"बदलली नाही" हे तर साफ चूक. १९३३ मध्ये हल या बंदराच्या शहरात ही कंपनी निघाली तीच मुळी बॅटऱ्या चार्ज करून द्यायला. तेव्हा बऱ्याच घरांत वीज नव्हती, रेडिओ अ‍ॅसिडच्या बॅटरीवर चालायचा, मग दर आठवड्याला यांचा माणूस भरलेली बॅटरी घरपोच आणून द्यायचा. वीज आली, तो धंदा संपला, तर हे रेडिओ-टीव्हीकडे वळले. पुढे १९६४ च्या कायद्याने माल बनवणारी कंपनी सांगेल त्याच भावाने दुकानदाराने विकायची सक्ती उठायला लागली आणि १९६८ ला यांनी हलमध्येच गोडाऊनसारखं डिस्काउंटचं दुकान टाकलं. म्हणजे भाव पाडून बाकीच्यांची झोप उडवायचं काम, जे आज ऑनलाइनवाले करतात, ते यांनी तेव्हाच केलं होतं.

अ‍ॅमेझॉनचं म्हणाल तर मार बसला, नाही म्हणत नाही. पण करीज ही दुसरी चेन तोच माल विकत होती, ती आजही चालू आहे. २००८ नंतर तिकडे घरखरेदी बसली, आणि नवीन घर घेतलं की माणूस फ्रिज-मशीन घेतो, ते गिऱ्हाईक गेलं. खरी नस मात्र उधारीची. या धंद्यात सप्लायर माल उधारीवर देतो आणि पैसे बुडू नयेत म्हणून विमा काढतो, तो विमाच मिळेना म्हटल्यावर सप्लायर रोख मागायला लागले, तेही ख्रिसमसचा माल भरायच्या ऐन वेळेला. कुठून आणणार एवढी रोकड?

आणि ते २ पौंड. यातली अर्धीच गोष्ट फिरवतात. केसा या तेव्हाच्या मालक कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ऑपकॅपिटा या गुंतवणूक कंपनीच्या लोकांना कॉमेट दिली ती २ पौंडांना, पण सोबत ५ कोटी पौंड घालून, आणि जुन्या पेन्शनचा बोजा स्वतःकडे ठेवून. तोट्यातलं दुकान गळ्यातून काढायला मालकानेच पैसे मोजले. नव्या मालकांच्या बाजूचा पैसा होता तारणाच्या कर्जाच्या रूपात, म्हणजे कंपनी बुडाली तरी वसुलीत त्यांचा नंबर आधी, साधे सप्लायर मागे. मग बदलली नाही म्हणून बुडाली असं कसं म्हणता?

नोव्हेंबरमध्ये कंपनी प्रशासकांच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या लोकांच्या हातात गेली, २३६ दुकानं होती. शेवटच्या दिवसांत मी गेलो तर फडताळांनासुद्धा किमतीच्या चिठ्ठ्या, आणि काउंटरवरची बाई त्याही अवस्थेत मला केबलची लांबी नीट मोजून दाखवत होती. १८ डिसेंबरला उरलेली दुकानं बंद, ख्रिसमसला आठवडा राहिलेला, साधारण ७ हजार लोक घरी. भरपाई म्हणताय ना, ती अशीच नाही मिळाली, कामावरून काढताना सल्लामसलतच केली नाही असा निकाल २०१४ मध्ये तिकडच्या नोकरीविषयक ट्रायब्युनलने दिला तेव्हा मिळाली, आणि ते पैसे गेले सरकारी तिजोरीतून.