खुलासा : नाण्यावर १७८० असलं म्हणून ते १७८० चं नसतं

‘ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाचं १७८० सालचं अस्सल चांदीचं नाणं, मातीमोल भावात’ असा संदेश फिरतोय. चांदी खरी असू शकते, वय मात्र बहुतेकदा नाही. राणी १७८० मध्ये वारली. पण अरबस्तान आणि इथिओपियाच्या व्यापारात याच नाण्यावर भरवसा होता, म्हणून तेच साल कायम ठेवून ते पुढेही पाडत राहिले. व्हिएन्नात, लंडनमध्ये, अगदी दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही! वजन साधारण २८ ग्रॅम, त्यात चांदी ८३३ सहस्रांश. तेव्हा चांदीच्या भावात मिळालं तर खुशाल घ्या, पुरातन म्हणून जास्त मोजू नका. आणि चांदीपेक्षाही खूप स्वस्त मिळत असेल तर आधी काट्यावर ठेवा. कडेवरची लॅटिन अक्षरंही नीट पाहा.