हाफ इंजिन

नळस्टॉपच्या सिग्नलला माझी गाडी चौकाच्या नावाला जागून थांबली. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले आणि मी किका मारत बसलो. सहाव्या किकेला ती उठली, पण असा निळा धूर सोडून की मागचे स्कूटरवाले काका म्हणाले, "अहो, डासांची फवारणी संध्याकाळी असते!"

गाडी 2008 ची. मी घेतली 2014 मध्ये, सेकंडहँड. टाकीवर ज्या दोन कंपन्यांचं जोडनाव आहे, त्यांचा काडीमोड 2010 मध्येच जाहीर झाला होता. म्हणजे माझ्याकडे आली तीच मोडल्या घरातून.

गॅरेजवाल्या मामांनी सायलेन्सरमागे तळहात धरला. हातावर काळे ठिपके उठले.

"ऑइल खातीये. धूर सकाळी चालू करताना येतो, का रेस दिल्यावर?"

सकाळी येत असेल तर व्हॉल्व्हचे सील, थोडक्यात भागतं. रेस दिल्यावर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "दोन्ही वेळेला."

"मग हाफ इंजिन करू. साडेसहा धरून चाला." हाफ म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन असं वरचं सगळं. क्रँक उघडला की फुल. "खालून पण जरा आवाज आहे," मामा म्हणाले, "पण आत्ता आपण तो ऐकायचा नाही. बोअर आधीच्या मालकानं पन्नासचं मारलंय. आता पंचाहत्तर करू. पुढं शंभर आहेच."

बोअर मारणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून जरा मोठा करणं; पन्नास, पंचाहत्तर, शंभर ही त्याची चढती मापं. पंचाहत्तरी आणि शंभरी दोन्ही बाकी असलेली गाडी मोडीत कशी काढायची?

घरी हिशेब मांडला. ही म्हणाली, "गेल्या वर्षी क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, बॅटरीला किती गेले?"

"सात हजार आठशे."

"आणि आता आणखी साडेसहा?"

"ते सात हजार आठशे वाया जाऊ नयेत म्हणून."

कालच्या उरलेल्या भाजीत आज दोन बटाटे घालून ती वाढवायची, हे तत्त्व आमच्या घरात तिनेच आणलं. गॅरेजला मात्र ते लागू नाही म्हणे. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने माझं 'नव्या फार महाग झाल्यात' हे कारणही सरकारने काढून घेतलं होतं.

शोरूममधल्या मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली. देवळातसुद्धा लोक तीन मारतात.

"किती चाललीये?"

"मीटर 61,340 वर आहे. 2019 पासून. केबल तुटलीये."

"नऊ हजार होतील सर."

"अरे, 2023 ला रीपासिंग केलंय, 2028 पर्यंत कागद आहेत! टायर बघ, दोन्ही नवे!"

"हो सर, टायरचेच देतोय."

मग ऑफिसातल्या शिपायाचा मेहुणा तयार झाला. आहे तशी नऊ, धूर काढून दिली तर पंधरा. म्हणजे साडेसहा घालून सहा जास्त मिळवायचे. असा व्यवहार करायला मी काही खुळा नाही. पण नऊ हजार हा अपमान होता, आणि अपमान टाळायचे पाचशे रुपये मला फार वाटले नाहीत. शनिवारी नाना पेठेत जाऊन मामांनी लिहून दिलेलं सामान आणलं.

आता गाडी अर्ध्या किकेत सुरू होते. धूर नाही. सिग्नलला उभी असते तेव्हा चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागतं. मामांनी एकच अट घातलीये, "नवीन काम आहे. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या पुढं न्यायची नाही." त्यामुळे कर्वे रोडवर रिक्षावाले ओव्हरटेक करताना मला निरखून बघतात.

मेहुण्याचा दर दोन दिवसांनी फोन येतो. मी त्याला सांगतो, तुझ्याच भल्यासाठी थांबलोय, पाचशे किलोमीटर झाले की लगेच घेऊन जा.

मीटर 61,340 वर आहे.