२८८ पिना आणि एक खाच

काउंटरवरच्या मुलानं माझ्या रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या दोन बोटांत धरल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाला, "सर, गेमिंग पीसीत हे आता कोण लावतं?" अजून जीव जळतोय. सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ या मागच्या पिढीतल्या, ३२०० वेगाच्या. इतक्या वर्षांत एकदाही कुरकुर नाही. माझ्याबद्दलसुद्धा असं कुणी म्हणणार नाही.

डीडीआर५ ही नवी पिढी मला ठाऊक नाही असं नव्हे. त्याचं मानक २०२० सालीच आलं. पिना दोन्हीकडे २८८च, फक्त मधली खाच जराशी सरकवलेली. का, तेही कळतं. व्होल्टेज १.२चं १.१ झालं, वीज सांभाळणारी चिप मदरबोर्डावरून थेट पट्टीवर आली, तेव्हा चुकीची पट्टी बसताच कामा नये. कळतं, पण पचत नाही. म्हणून तर मी इंटेलचा चौदाव्या पिढीचा प्रोसेसर ठरवूनच गेलो होतो. त्याला दोन्ही चालतात, बोर्ड तेवढा डीडीआर४चा घ्यायचा.

हे मी मुलाला सांगतोय, तर शेजारी प्रिंटरचं कार्ट्रिज घेऊन उभे असलेले गृहस्थ मध्ये पडले.

"जुनी नका लावू. तुमचं काही खाजगी राहिलं असेल त्यात."

"काका, संगणक बंद केला की यात काहीच राहत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग इतकी वर्षं जपून काय ठेवलंत?"

मुलगा बिलबुकात तोंड खुपसून हसला. गृहस्थांना चेव आला. "असं करा, एक जुनी ठेवा, एक नवी घ्या."

"बसतच नाही ना! आणि एकाच जातीच्या दोन लावल्या तरी दोघी धिम्या पट्टीच्याच वेगानं चालतात."

"बरोबरच आहे," ते समाधानानं म्हणाले. "आमची आई बरोबर असली की आम्ही सगळे तिच्याच चालीनं चालतो." आणि आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे मोबाईलवर उघडून माझ्यासमोर धरला. मी पाहिला. झीज झाली होती खरी.

मुलानं तेवढ्यात नव्या रॅमचा भाव सांगितला. एक्स-रे बरा होता. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवता पुरवता तुमच्या-आमच्यासाठी उरतच नाही. मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं तर डिसेंबर २०२५मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' ब्रँड गुंडाळत असल्याचंच जाहीर केलं. कुठलं तरी यंत्र कुणाला तरी सहा बोटांच्या माणसाचं चित्र काढून देणार, आणि त्यापायी मी रात्री गेममधली झाडं थोडी कमी दिसू द्यायची! वर शहाणपण आम्हालाच शिकवायचं, की काळाबरोबर चला. चालतो की. पण चालते जोडे दर खेपेला फेकायला का लावता?

"बरं, डीडीआर४चा बोर्ड दाखव," मी म्हटलं.

"तो नाही सर सध्या." मग पट्ट्या काउंटरवर हळूच स्वतःकडे सरकवत, "या मात्र ठेवून जा. एक गिऱ्हाईक कधीपासून मागे लागलंय."

"कशासाठी?"

"गेमिंग पीसीसाठी."