जर्सीवर दिव्यांग, सायकलवर आम्ही

परवा आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका मित्राचा मेसेज आला. 'दादा, यंदा काश्मीर ते कन्याकुमारी. दिव्यांगांसाठी राइड आहे. देणगीदारांत तुमचं नाव टाकतोय.' मी सहज विचारलं, जाणाऱ्या वीस जणांत दिव्यांग किती? दोन तासांनी उत्तर आलं, 'तसं कुणी नाही, पण वाटेत आठ शाळांत कार्यक्रम ठेवलेत.' त्यावर 'मग त्यांचं नाव कशाला?' असं मी लिहिलं, ते त्याला लागलं. ग्रुपवर 'चांगल्या कामात खोडा' वगैरे सुरू झालं. म्हणून इथे नीट लिहितो, आणि आधी आमचंच उकरतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही बारा जण पुण्याहून कन्याकुमारीला गेलो होतो. सुमारे दीड हजार किलोमीटर. पाठीवर ठळक अक्षरांत 'दिव्यांगांसाठी'. कोणत्या, हे कुणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत. आमच्या बॅनरवर एकच चित्र, चाकाच्या खुर्चीचं. गावोगावी शाल, नारळ, हार. एका शाळेत आम्हाला यायला उशीर झाला, तर मुलं दीड तास उन्हात गुलाब घेऊन बसलेली. शेवटी मुप्पंदलच्या पवनचक्क्यांपाशी आडव्या वाऱ्याने सायकल धरवत नव्हती, तरी फोटोसाठी जर्सी सारखी करणं चालूच होतं.

परत येऊन हिशेब मांडला. जर्सी, सपोर्ट गाडीचं डिझेल, लॉज, जेवणं, स्मृतिचिन्हं. उरलं त्यात पंधरा व्हीलचेअर आल्या. दवाखान्यात असतात तशा, घडीच्या, सगळ्या एकाच मापाच्या. वाटपाचा हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांना खुर्च्या द्यायच्या त्यांनाच उचलून वर नेलं, आणि त्याचेही फोटो काढले. एक ताई खुर्चीत बसल्या, दोन्ही बाजूंना हात घालून बघितलं आणि हसत म्हणाल्या, 'अहो, यात माझी धाकटी बहीणपण मावेल.' आम्ही सगळे हसलो. त्या काय सांगत होत्या ते मला फार उशिरा कळलं.

सीट रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो. पाय ठेवायची पट्टी गरजेपेक्षा उंच असली की सगळा भार बुडाखाली एका जागी येतो. मणक्याच्या दुखापतीने ज्यांना कमरेखाली काही जाणवत नाही त्यांना तो दाब कळतच नाही. कळते ती जखम, आणि ती भरायला महिनोन् महिने जातात. चपलेचं माप विचारतो आपण, आणि जिच्यात माणूस अख्खा दिवस काढणार ती खुर्ची डझनावर आणतो. आयआयटी मद्रासमधून निघालेली निओमोशन कंपनी 'निओफ्लाय' नावाची खुर्ची माणसाच्या मापाने बनवून देते, म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकतं. पंधराऐवजी तीनच आल्या असत्या. पण तीन खुर्च्यांचा फोटो भरगच्च दिसत नाही ना!

आता दुसरी बाजू. हैदराबादचा आदित्य मेहता. अपघातात पाय मांडीपासून गेला, तरी २०१३मध्ये आशियाई पॅरा-सायकलिंगमध्ये दोन रौप्यपदकं आणली. पुढे फाउंडेशन काढलं आणि 'इन्फिनिटी राइड' सुरू केली. २०२०च्या हिवाळ्यात ती राइड सीमा सुरक्षा दलासोबत काश्मीर ते कन्याकुमारी झाली. मार्ग तोच जो माझ्या मित्राने धरलाय. फरक इतकाच, की तिथे सायकलवर पाय गमावलेली माणसं होती आणि जमा होणारा पैसा पॅरा-खेळाडूंच्या तयारीसाठी होता.

एका पायाने सायकल मारणं म्हणजे काय, हे घरात सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर पाच मिनिटं करून बघा. दाबताना जोर लागतो तो ठीक, पण पेडल खालून वर कोण आणणार? बूट पेडलला अडकवून त्याच पायाने ओढून आणायचं. घाटात वेग मेला की कोणत्या बाजूला पडायचं हे आधी ठरवावं लागतं. कृत्रिम पाय लावून चालवणाऱ्याच्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो त्या वाटीत, घाम साठतो, कातडी सोलवटते. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताचे पॅरा-सायकलपटू पहिल्यांदाच उतरले. दोघंच होते, अर्शद शेख आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. आमच्या सायकल ग्रुपवर त्या दिवशी कार्बन फ्रेमवर चर्चा चालली होती. मीही त्यातच होतो, खोटं कशाला बोलू.

दिव्यांगांसोबत सायकल कशी चालवायची, हे पुण्याच्या दिव्यांशू गणात्राने आणखी सोपं करून दाखवलंय. ग्लॉकोमाने एकोणिसाव्या वर्षी दृष्टी गेलेला हा माणूस २०१६मध्ये टँडेमवरून, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवरून, मनालीहून लडाखमधल्या खारदुंगला खिंडीत गेला. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं होतं, खरी उंची १७,५८२ च्या आसपास. पण तिथे पोचलेल्याशी आठशे फुटांवरून वाद घालू नये.

टँडेम मी चालवलीय, म्हणून सांगतो. माझा एक अंध मित्र मागे, मी पुढे. हँडल, ब्रेक, गिअर माझ्याकडे. पण दोघांची पेडलं एकाच साखळीने बांधलेली. मी थांबलो की त्याचे पाय थांबतात, त्याने जोर काढला की माझी दमछाक. पहिल्या रविवारी अर्ध्या तासात त्याने मला झापलं, 'खड्डा गेल्यावर खड्डा म्हणू नकोस, आधी म्हण.' पुढे एका वळणाआधी तोच म्हणाला, 'गुऱ्हाळ जवळ आहे, थांबू या.' मला काही दिसत नव्हतं. वळलो तर चिमणीतून धूर. त्या सकाळी कुणाचा सत्कार झाला नाही. रस प्यायलो, पैसे त्याने दिले.

कुणी म्हणेल, बाबा आमट्यांनीही १९८५-८६मध्ये 'भारत जोडो'त तरुणांना कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवरून नेलंच होतं की. नेलं होतं. पाठीच्या दुखण्याने बसता येत नसलेले बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते. त्यांनी ती राइड देश जोडण्यासाठी काढली होती आणि तेच म्हणाले. आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांचं नाव तिच्यावर चिकटवलं नाही. तुम्हाला हिमालय ते समुद्र सायकल मारायची हौस आहे? भारी आहे, जरूर मारा, मी स्वतः टोलनाक्यापर्यंत सोडायला येतो. हौसेला दुसऱ्याच्या अपंगत्वाचं नाव देऊन देणगीच्या पावत्या फाडू नका, एवढंच म्हणणं आहे.

आणि द्यायचंच असेल नाव, तर राइडचा खर्च आपापल्या खिशातून करा आणि देणगीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. शाळेत जाण्याआधी हेडमास्तरांना फोन करून विचारा की काय हवंय. बहुतेक ते रॅम्प नाहीतर संडासाचं रुंद दार सांगतील. जर्सी कुणी मागणार नाही.

मित्राशी काल पुन्हा बोलणं झालं. आधी घुश्शातच होता. मग म्हणाला, टँडेम रेल्वेत चढते का? मी म्हटलं, लांबी बघता पार्सलवाले कुरकुर करतील, त्यापेक्षा टेम्पोच कर. पुढचं चाक काढून, गाद्यांमध्ये आडवी घाल, डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वरच्या बाजूला ठेव. आणि मागे कोण बसणार त्याला आजपासूनच सोबत घेऊन चालव, दोन महिने लागतात एकमेकांचे पाय कळायला.