पेटीवाले लाजाळू आहेत म्हणे

आत्ताच एका गाण्याच्या कार्यक्रमाहून आलेय. भाकरीला पीठ काढायच्या आधी हे लिहून टाकते, नाहीतर तव्यावर राग निघेल.

पेटीच्या साथीला एक तरुण मुलगा होता. गायिकेनं सोडलेली जागा असा अलगद उचलायचा की वाटावं, गळा एकच आहे. दोन तास वाजवलं पोरानं. आणि शेवटी निवेदकानं काय करावं? माईक थेट त्याच्या तोंडाशी. ‘दोन शब्द बोला!’ तो मान हलवून नको म्हणतोय, घाम पुसतोय, आणि हे महाशय सांगतायत, ‘आमचे पेटीवाले जरा लाजाळू आहेत हं, टाळ्या वाजवून भीती घालवा त्यांची!’ लोक हसले.

भीती? भरल्या सभागृहात दोन तास वाजवलं की हो त्यानं!

मला माझा मामा आठवला. दिवसा गिरणीत हिशेब, संध्याकाळी पेटी. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली भजनं असोत की हुतात्मा स्मृती मंदिरातली मैफल, वाजवताना मान डोलायची, डोळे तबलजीशी बोलायचे, एखादी जागा सापडली की स्वतःच खुदकन हसायचा. भैरवी संपली की मामा पेटी बांधायला घ्यायचा. भाता मिटायचा, पट्ट्यांवरून फडकं फिरवायचं, मग आपली सोलापुरी चादर अंथरून तिच्यात पेटी आणि चार टोकांच्या गाठी. एक गाठ मारायची, बघायची, सोडायची, परत मारायची. मला वाटायचं, मामाला गाठच जमत नाही. एकदा विचारलं तर खाली बघूनच म्हणाला, ‘लोक गेले का बघ.’

नातेवाईक म्हणायचे, फार शिष्ट आहे. शिष्ट! पाहुणे आले की स्वतः चहा टाकणारा माणूस.

अंतर्मुख-बहिर्मुख ही विभागणी मानसशास्त्रज्ञ युंगनं १९२१ सालीच पुस्तकात मांडली, पण आपल्याकडे अजून दोनच जाती: बोलका तो चांगला, गप्प तो माजोरडा. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी जाहीर मैफली सोडल्या, घरात बसून हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी यांना शिकवलं. १९७७ ला पद्मभूषण मिळालं. त्यांनाही म्हणणार का, दोन शब्द बोला? तिकडे तो पियानोवाला ग्लेन गूल्ड, १९६४ मध्ये एकतिसाव्या वर्षी मैफली बंद करून रेकॉर्डिंगच्या खोलीत गेला तो गेलाच.

हो, पुलं पेटीही वाजवायचे आणि सभा हसवायचेही. मान्य. आणि काही कलाकारांना खरोखरच माज असतो, तेही मान्य. पण म्हणून प्रत्येक पेटीवाल्याकडून विनोद काढून घ्यायचे?

निवेदकाचं तरी काय म्हणा, त्यालाही वेळ भरून काढायचा असतो. नाही, पण त्या ‘भीती’ला माफी नाही. मामा असता तर त्या माईकसमोर काय झालं असतं त्याचं, विचारच करवत नाही. त्याला जे बोलायचं होतं ते सगळं तो वाजवून मोकळा झालेला असायचा. उरायची ती चादर आणि गाठी.

कार्यक्रमानंतर त्या मुलाला ‘छान वाजवलंत’ सांगायला मी मुद्दाम विंगेत गेले. तो पाठमोरा बसून पेटीच्या खोक्याची कडी लावत होता. लावली, उघडली, परत लावली.

मी तशीच मागे फिरले.