मतांचा गठ्ठा नसलेली ३२९ माणसं

गड्ड्याच्या यात्रेसाठी ह्या जानेवारीत तीन आठवडे सोलापूरला आलोय, चार वर्षांनी. बारा तारखेला सकाळी पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायला गर्दी होती, तिथंच शाळेतले तिघं भेटले, मग टपरीवर चहा आणि मग जे व्हायचं तेच झालं. "काय बे, तुमच्या कॅनडात अतिरेक्यासाठी पार्लमेंटमध्ये उभं राहून श्रद्धांजली वाहतात म्हणं, आणि तू तिथं टॅक्स भरतोस व्हय?" चहा यायच्या आधीच हे. एक जण निज्जर म्हणतोय, दुसरा मालेगाव, तिसऱ्याला काँग्रेसवरच बोलायचंय, त्या गोंधळात मला नीट काही सांगताच आलं नाही. म्हणून आता घरी बसून लिहितोय.

मित्र म्हणला ते खरंच आहे. १८ जून २०२४ ला कॅनडाच्या संसदेत खलिस्तानी नेता हरदीपसिंग निज्जरसाठी मौन पाळलं, त्याच्या खुनाला एक वर्ष झालं म्हणून. भारताने त्याला २०२० ला दहशतवादी जाहीर केलेलं. तो कॅनडाचा नागरिक होता आणि त्याचा खून कॅनडाच्या जमिनीवर झाला, त्याचा तपास झालाच पाहिजे, ज्याने केला त्याला शिक्षा झालीच पाहिजे, मी ह्याबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. पण संसदेचं मौन हा मान असतो आणि तो मान कुणाला द्यायचा हे कुणीतरी बसून ठरवतं. त्यानंतर पाचच दिवसांनी २३ जून होता. मला राग येतो तो त्या पाच दिवसांचा.

२३ जून १९८५, एअर इंडियाचं कनिष्क विमान. माँट्रियलहून लंडन, दिल्ली आणि शेवटी मुंबई असा त्याचा रूट होता. खलिस्तानी अतिरेक्यांनी व्हँकुव्हरला चढवलेल्या एका बॅगेत बॉम्ब होता, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर विमान फुटलं, ३२९ माणसं गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली, त्यात सामान उचलणारे दोघं गेले. ३२९ मधले बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते, सुट्टीला आजी-आजोबांकडे निघालेली पोरं होती, आणि तरी कॅनडाचे पंतप्रधान मुलरोनींनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. म्हणजे माणसं आमची नाहीत, तुमची गेली. शिक्षा झाली फक्त एकाला, बॉम्ब बनवायला मदत करणाऱ्या रेयातला, बाकी दोघं २००५ ला निर्दोष सुटले. कॅनडाच्या गुप्तचर खात्याने फोन टॅपिंगच्या टेप पुसून टाकलेल्या होत्या. चौकशी अहवाल आला २०१० ला, मग पंतप्रधान हार्परनी माफी मागितली. पंचवीस वर्षांनी!

आप्पा कॅनडाला आले होते तेव्हा मी त्यांना टोरांटोच्या हंबर बे पार्कला घेऊन गेलो होतो. तळ्याकाठी कनिष्कचं स्मारक आहे, भिंतीवर सगळी नावं कोरलीत. आप्पा मिलमध्ये टाइमकीपर होते, हजेरीपुस्तक वाचायची सवय, ते बोट फिरवत एकेक नाव मोठ्याने वाचायला लागले. वाचता वाचता एकच आडनाव एकाखाली एक आलं की थांबायचे, म्हणायचे, "हे अख्खं घर गेलंय की रे." असं बऱ्याच वेळा झालं. पाऊण तास आम्ही तिथं होतो, तेवढ्या वेळात एक कुत्रं फिरवणारी बाई सोडली तर कुणी आलं नाही.

आता हे असं का होतं ते. त्या ३२९ लोकांचे नातेवाईक कुठे कुठे विखुरलेत, त्यात शीख आहेत, गुजराती, तमिळ, बंगाली, मराठी, सगळे आहेत, त्यांची कुठली एक कमिटी एका मतदारसंघात पाच हजार मतं टाकू शकत नाही. ज्यांच्याकडे कमिटी आहे, हॉल आहे, बसेस आहेत, त्यांच्याकडे नेता जातो. कॅनडात पक्षाचं तिकीट त्या भागातले पक्षाचे मेंबर मतदान करून ठरवतात, त्याला नॉमिनेशन म्हणतात. लिबरल पक्षाची मेंबरशिप फुकट, वय चौदा पुरे, आणि आत्ताआत्तापर्यंत तर नागरिक किंवा कायमचा रहिवासी असायचीही गरज नव्हती, नुसतं तिथं राहत असलं तरी चालायचं. सेफ सीट, म्हणजे पक्षाची हक्काची जागा, असली की नॉमिनेशन जिंकला तो खासदार झालाच, म्हणजे काही शे लोकांना बसमध्ये घालून आणणारा माणूस खासदार ठरवतो. परकीय हस्तक्षेपाची चौकशी करणाऱ्या होग आयोगानेही ह्याच नॉमिनेशनच्या ढिल्या नियमांवर बोट ठेवलं.

हे मी ऐकीव सांगत नाही. कॅनडातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी एक उमेदवार आला, नाव सांगत नाही. आरतीला टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ला, माइकवर २६/११ बद्दल दुःख व्यक्त केलं, दहशतवादाशी तडजोड नाही म्हणला, आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा स्वयंसेवक तोवर चपलांच्या रॅकपाशी मला विचारत होता, तुमच्या मंडळाचे मेंबर किती, सगळे एकाच मतदारसंघातले का, नॉमिनेशनला किती येतील. मी म्हणलं साठ-सत्तर. त्याने वहीत लिहिलं आणि पुढच्या माणसाकडे गेला. पुढच्या वर्षी तोच उमेदवार एका मिरवणुकीच्या स्टेजवर दिसला, आणि त्याच्या मागच्या ट्रकवर तलविंदरसिंग परमारचं हारफुलं घातलेलं पोस्टर होतं. कनिष्कच्या कटाचा सूत्रधार म्हणून चौकशी आयोगाने ज्याचं नाव घेतलं तोच परमार. उमेदवार हात हलवत होता.

आणि हे एका माणसाचं नाही. २०१८ ला तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो भारतात आले तेव्हा त्यांच्या दिल्लीच्या जेवणाचं आमंत्रण अशा माणसाला गेलं होतं ज्याला पंजाबच्या एका मंत्र्याच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झालेली, बोंब झाल्यावर ते मागे घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारच्याच दहशतवादावरच्या अहवालात खलिस्तानी अतिरेकाचा उल्लेख आला, ओरडा झाला आणि एप्रिल २०१९ ला, निवडणुकीच्या वर्षात, शब्द बदलले. बब्बर खालसा ह्या खलिस्तानी संघटनेवर कॅनडात २००३ पासून बंदी आहे बरं का. एलटीटीईचं, म्हणजे श्रीलंकेतल्या तमिळ वाघांचं, तर आणखी वाईट, राजीव गांधींच्या खुनानंतर भारताने १९९२ ला बंदी घातली, अमेरिकेने १९९७ ला, कॅनडाने २००६ ला. मधल्या काळात, २००० साली, अर्थमंत्री पॉल मार्टिन टोरांटोत अशा तमिळ संघटनेच्या जेवणाला गेले जिच्यावर वाघांसाठी काम करत असल्याचा आरोप होता. अमेरिकेतही तेच, न्यूयॉर्कचे खासदार पीटर किंग आयरिश मतदारांत आयआरए ह्या आयरिश अतिरेकी संघटनेची उघड बाजू घेत मोठे झाले आणि २०११ ला तेच संसदेच्या समितीचे अध्यक्ष म्हणून अमेरिकन मुसलमानांच्या कट्टरपणावर सुनावण्या घेत होते.

ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो खलिस्तानला नाही म्हणणाऱ्या शिखांनी, आणि टपरीवर हे कुणाला माहीतच नव्हतं. उज्जल दोसांझना १९८५ ला लोखंडी रॉडने मारलं, ते पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाले. तारासिंग हेयर नावाचे पंजाबी पेपरचे संपादक, १९८८ ला गोळ्या घातल्या तर व्हीलचेअरवर आले, तरी लिहीत राहिले, कनिष्क प्रकरणात पोलिसांना जबाब दिला, १९९८ ला घराच्या गॅरेजमध्ये मारलं. माझ्या बिल्डिंगमधले सरदारजी काका आहेत, ते दर जूनला मुलांना घेऊन हंबर बेला जातात. त्यामुळे "सगळे सरदार तसलेच" असं टपरीवर जो म्हणला त्याला मी तिथंच गप्प केलं.

आता आपल्या घरचं. १९८४ ला दिल्लीत जवळजवळ तीन हजार शीख मारले, आणि त्यात नाव असलेले सज्जनकुमार २००४ ला परत खासदार झाले, जन्मठेप लागायला २०१८ उजाडलं. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या पोरांना भडकवणारा माणूस पहिलं हेच सांगतो आणि त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नसतं. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांत दोन निकाल लागले. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटातले बाराही जण हायकोर्टात सुटले, सरकार लगेच सुप्रीम कोर्टात पळालं. मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही जण सुटले, सत्तेतल्या नेत्यांनी आनंद साजरा केला, आणि अपिलात गेले ते मेलेल्यांचे घरचे. मालेगावात सहा माणसं गेली होती, त्यांना कुणी मारलं हे सरकारला शोधायचं नाही का? आरोपींतल्या प्रज्ञा ठाकूर निर्दोष सुटल्या, कोर्टाचा निकाल मला मान्य आहे, पण भाजपचं लोकसभेचं तिकीट त्यांना २०१९ ला मिळालं, खटला चालू असताना, खटल्यामुळेच. दुसऱ्या बाजूला आमच्याच सोलापूरचे सुशीलकुमार शिंदेसाहेब, गृहमंत्री असताना कसाबला फाशी झाली, अफझल गुरूला झाली, आणि त्याच साहेबांनी जानेवारी २०१३ ला जयपूरच्या पक्षाच्या अधिवेशनात भाजप-संघाच्या शिबिरांत हिंदू दहशतवाद शिकवतात असं म्हणून टाकलं आणि पुढच्याच महिन्यात खेद व्यक्त केला. गृहमंत्र्याकडे पुरावा असला तर खटला भरायचा असतो, अधिवेशनात टाळ्या घ्यायच्या नसतात. मला शिंदेसाहेबांबद्दल आदर आहे, म्हणूनच तेव्हा जास्त लागलं.

तिसरा मित्र, जो वाचतो जरा जास्त, तो म्हणला, "इंग्रजांनी पण आपल्या चौघांना गुन्हेगारच म्हणलं होतं की बे, मग अतिरेकी कोण ते ठरवणार कोण?" हा प्रश्न मला ब्रॅम्प्टनमध्येही कामावर एकाने विचारलाय, भगतसिंगचं नाव घेऊन. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, १९३० च्या मार्शल लॉनंतर पकडले, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. ते एका राज्यसत्तेविरुद्ध उघड उभे होते, गाव त्यांच्या मागे होतं, आणि त्यांच्यापैकी कुणी झोपलेल्या लेकरांच्या विमानात बॅग ठेवली नव्हती. कोण मेलं, त्याच्या हातात काय होतं, त्याला कल्पना तरी होती का, एवढं विचारलं की मला तरी गोंधळ राहत नाही. आणि हेच लोकलच्या डब्यात, मालेगावच्या भिक्कू चौकात, दिल्लीच्या त्रिलोकपुरीत, सगळीकडे विचारायचं.

मित्रांना मी परवा स्मारकाच्या भिंतीचे फोटो पाठवले. ज्याने टॅक्सवरून टोमणा मारला होता त्याने झूम करून नावं वाचली बहुतेक, रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "ह्यात आपल्या मराठी आडनावांची पण हायत बे."

फेब्रुवारीत परत गेलो की मंडळाच्या मीटिंगमध्ये एकच विषय ठेवणार आहे, २३ जूनला हंबर बे पार्क. त्या स्वयंसेवकाचा नंबर आहे माझ्याकडे, त्याच्या उमेदवारालाही बोलवणार आहे, आणि भिंतीसमोर उभं करून त्या ट्रकवरच्या पोस्टरबद्दल विचारणार आहे. आत्तापर्यंत व्हॉट्सॲपवर सतरा जणांनी येतो म्हणलंय, सरदारजी काका धरून.